‘दोरोरो’: पन्नास वर्षांपूर्वीच्या भटक्यांना कोणत्या मापाने मोजायचं?

‘दोरोरो’ या जपानी ॲनिमेशन मालिकेचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या जागी येऊन अडकते. २०१९ ची रंगीत, सफाईदार मालिका हाताशी असताना १९६९ ची कृष्णधवल मालिका कशाला बघायची, असं एक बाजू विचारते. चित्रं हलत नाहीत, तोंडं नुसती उघडझाप करतात, मधेच विनोद घुसतो, अशी तिची तक्रार असते. दुसरी बाजू म्हणते, मूळ ते मूळ, नवं सगळं पोकळ. पहिली बाजू हालचाली मोजते, दुसरी वय मोजते, आणि मालिका नेमकं काय सांगते आणि कसं सांगते हे दोघींच्याही हिशेबात येत नाही. माझं म्हणणं असं: १९६९ च्या ‘दोरोरो’चे पहिले तेरा भाग दूरचित्रवाणीसाठी झालेल्या जपानी ॲनिमेशनमधलं अव्वल काम आहे, पुढचे तेरा भाग बरेच ढासळलेले आहेत, आणि या दोन्ही गोष्टींची कारणं दाखवता येतात. ती न दाखवता दिलेले तारे आणि गुण वाचून कुणाच्या हाती काही लागत नाही.

आधी वस्तुस्थिती. ओसामू तेझुकांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, ऑगस्ट १९६७ मध्ये ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि जुलै १९६८ मध्ये अर्धवट थांबली. १९६९ मध्ये मालिकेच्या निमित्ताने ती दुसऱ्या मासिकात पुन्हा उचलली गेली आणि घाईघाईने संपवली गेली. मालिका तेझुकांच्याच मुशी प्रॉडक्शनची. दिग्दर्शक गिसाबुरो सुगीई, संगीत इसाओ तोमिता, एकूण भाग २६, आणि प्रक्षेपण ६ एप्रिल ते २८ सप्टेंबर १९६९, दर रविवारी संध्याकाळी साडेसातला फुजी टीव्हीवर. कथा मुरोमाची काळाच्या अखेरीची, म्हणजे सरदार एकमेकांच्या उरावर बसले होते आणि गावंच्या गावं जळत होती त्या काळाची. दाइगो कागेमित्सु हा सरदार सत्तेच्या लोभाने ४८ दैत्यांशी सौदा करतो आणि पोटातल्या मुलाचं शरीर त्यांना देऊन टाकतो. हात, पाय, डोळे, कान यांतलं काहीच नसलेलं ते मूल जन्मल्यावर नदीत सोडलं जातं. आपल्याला इथे कर्णाची पेटी आठवते. जपानी प्रेक्षकाला ‘कोजिकी’ या जुन्या पुराणकथांच्या ग्रंथातला हिरुको आठवतो, देवदंपतीने वेताच्या होडीत घालून वाहत्या पाण्यात सोडलेला. जुकाई नावाचा वैद्य मुलाला वाचवतो, त्याला लाकडाचे अवयव करून देतो आणि हातांत तलवारी बसवतो. तोच ह्याक्किमारू. एकेक दैत्य मारावा आणि एकेक अवयव परत मिळवावा, अशी त्याची वाटचाल. त्याच्या मागे लागलेलं चोरटं अनाथ पोर म्हणजे दोरोरो. चोराला जपानीत ‘दोरोबो’ म्हणतात, बोबड्या तोंडून त्याचंच ‘दोरोरो’ होतं.

आता ‘चित्रं हलत नाहीत’ या आक्षेपाकडे वळू. तो खरा आहे आणि नीट समजून घेण्यासारखा आहे. फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी जातात. पंचवीस मिनिटांच्या भागात त्या ३६,००० होतात. एक चित्र दोन चौकटींवर धरलं तर १८,००० चित्रं लागतात, तीन चौकटींवर धरलं तर १२,०००. दर आठवड्याला एक भाग द्यायचा तर एवढी चित्रं काढून, सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, उतरवून, मागच्या बाजूने रंगवून, कॅमेऱ्याखाली एकेक टिपणं तेव्हा कुठल्याच जपानी स्टुडिओला परवडत नव्हतं. १ जानेवारी १९६३ ला सुरू झालेल्या ‘तेत्सुवान आतोमु’ (‘ॲस्ट्रो बॉय’) या मालिकेपासून मुशी प्रॉडक्शनने काटकसरीचं एक शास्त्रच उभं केलं. तीन चौकटींवर चित्र धरायचं. डोकं स्थिर ठेवून ओठांची दोन-तीनच चित्रं आलटून पालटून लावायची. चालण्याची, धावण्याची चित्रं जपून ठेवून पुढच्या भागात पुन्हा वापरायची. एका लांबलचक स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा. हे सगळं ‘दोरोरो’त आहे, आणि कुठल्याही भागात पाचव्या मिनिटाला ते डोळ्यांना दिसतं.

पण काटकसर दिसली म्हणजे परीक्षण झालं का? काटकसर सगळ्यांनीच केली होती. वाचवलेली चित्रं खर्च कुठे केली, हा विचारायचा प्रश्न आहे. सुगीईंच्या हाताखालच्या पहिल्या भागांत माणसं चालत येतात, बोलतात, थांबतात तेव्हा चित्रं जेमतेम असतात. तलवार उपसली जाते तेव्हा ती अचानक दाट होतात, आणि वार झाल्यावर पुन्हा सगळं गोठतं. हाणामारीपेक्षा तिच्या आधीची आणि नंतरची शांतता जास्त वेळ पडद्यावर राहते. लढाई संपल्यानंतरचं मैदान दाखवायचं असेल तर तिथे हलणार काय? मेलेली माणसं हलत नाहीत. वारा आणि कावळे सोडले तर स्थिर चित्रावरून सावकाश सरकणारा कॅमेरा हीच तिथली खरी नजर आहे. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत ठाकर कलावंत एकेक चित्र समोर धरतो आणि गातो. त्या चित्रातला राम कधी हललेला नाही, तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. चित्र जागच्या जागी असतं, गोष्ट पुढे जाते. जपानमध्ये हेच काम रस्त्यावरच्या कामिशिबाईवाल्यांनी केलं. सायकलवरच्या लाकडी चौकटीत ते एकामागून एक चित्रं सरकवत आणि पोरांना गोळ्या विकत. युद्धानंतरच्या वर्षांत वाढलेली पिढी ती चित्रं बघतच मोठी झाली होती. सेकंदाला किती चित्रं, या मापाने या दोन्ही परंपरा शून्य ठरतील. मग माप चुकलंय की परंपरा?

कृष्णधवल असण्याबद्दलही असंच घाईने बोललं जातं. तेव्हा रंग नव्हता, असं म्हणून लोक मोकळे होतात. ते चूक आहे. मुशी प्रॉडक्शनने १९६५ पासून रंगीत मालिका केल्या होत्या, आणि ‘दोरोरो’चा १९६८ चा चाचणी भागही रंगीतच होता. तरी मालिका कृष्णधवल झाली. याची कारणं दोन सांगितली जातात: खर्च, आणि रविवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळी घराघरांत लाल रक्त दिसू नये ही काळजी. दोन्ही पटण्यासारखी आहेत आणि दोन्हींत कलेचा संबंध नाही, हे मान्य. तरीही जे हाती आलं त्याचं पुढे काय केलं गेलं, ते बघा. रक्त काळं झालं. रात्र, चिखल, चिलखत आणि रक्त एकाच शाईचे झाले. पार्श्वचित्रांत शाईचे फराटे आणि कोरा कागद यांचा उपयोग जुन्या जपानी शाईचित्रांसारखा केलेला आहे, म्हणजे धुकं रंगवलेलं नसतं, कागद मोकळा सोडलेला असतो. रंगीत चाचणी भाग शेजारी ठेवून बघितला की फरक कळतो. त्यात हीच माणसं मुलांच्या चित्रपुस्तकातली वाटतात.

आवाजाबद्दल थोडक्यात. तोमितांचं नाव जगाने पुढे सिंथेसायझरच्या तबकड्यांमुळे ऐकलं, पण इथे त्यांनी मोजकी वाद्यं आणि भरपूर निःशब्द जागा वापरल्या आहेत. शीर्षकगीतात युद्धावर निघालेल्या सामुराईंचं वर्णन ऐटीत चढत जातं आणि शेवटी पोराच्या आवाजातले निरर्थक चिडवाचिडवीचे शब्द त्या सगळ्या ऐटीवर बोळा फिरवतात. मालिकेची बाजू कुठली, हे पहिल्या दीड मिनिटात ठरून जातं. ह्याक्किमारूला नाची नोझावांचा आणि दोरोरोला मिनोरी मात्सुशिमांचा आवाज आहे. थकलेला, खालच्या पट्टीतला एक आणि सतत चढलेला दुसरा, अशी ती जोडी डोळे मिटून ऐकली तरी उभी राहते.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं. ‘दर आठवड्याला एक दैत्य’ अशी या मालिकेची ओळख करून दिली जाते. अशी ओळख करून देणाऱ्याने बघितलं तरी काय? ही भटक्यांची गोष्ट आहे, आणि स्थिर गावं भटक्यांशी कशी वागतात याची आहे. बांदाईच्या कथेत ह्याक्किमारू गावाला लुटणाऱ्या दैत्याला मारतो. गाव त्याला काय देतं? हाकलून देतं. ज्याने वाचवलं त्याचं शरीर बघून लोक घाबरतात, आणि बरोबरचं पोर चोर आहे म्हणून काठ्या उगारतात. हाच प्रसंग वेगवेगळ्या गावांत पुन्हा पुन्हा येतो. त्याला पुनरावृत्ती म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की भटक्याचं आयुष्य असंच असतं. गाव बदलतं, वेशीवरचा अनुभव बदलत नाही. ज्या देशात १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या गेल्या आणि तो कायदा १९५२ मध्ये उठल्यावरही गावोगावच्या नजरा तशाच राहिल्या, त्या देशातल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. कथेतला बिवा हे तंतुवाद्य वाजवणारा आंधळा भिक्षूही याच जगातला. असे बिवा होशी मध्ययुगीन जपानमध्ये खरोखरच गावोगाव फिरत आणि हेइके घराण्याच्या पाडावाची गाथा गात. युद्ध सरदारांनी केलं, त्याची आठवण वाटेवरच्या आंधळ्यांनी सांभाळली.

आणि दैत्य तरी कुठून येतात? ‘निहिरु’ या रक्तपिपासू तलवारीची कथा घ्या. तानोसुके हा साधा सैनिक. किल्ल्याचं गुपित फुटू नये म्हणून तो बांधणाऱ्या सुतारांनाच कापून काढायचा हुकूम त्याला मिळतो. तो पाळल्यावर तलवार हातातून सुटत नाही, रोज रक्त मागते, आणि वाट बघणाऱ्या बहिणीला परत मिळतो तो भाऊ राहिलेला नसतो. इथे भूत तलवारीत शिरण्याआधी हुकूम आलेला आहे. ‘बानमोन’च्या कथेत लढाईनंतर उरलेल्या फळ्यांच्या एका भिंतीने गाव दुभंगलेलं असतं. घर पलीकडे, माणूस अलीकडे, आणि ओलांडू पाहणाऱ्याला मरण. १९६० च्या दशकातल्या जपानी प्रेक्षकाला बर्लिन, कोरिया, व्हिएतनाम ही नावं उच्चारून दाखवावी लागत नव्हती. मालिका सुरू झाली त्याच्या अडीच-तीन महिने आधी, जानेवारी १९६९ मध्ये, टोकियो विद्यापीठाच्या यासुदा सभागृहातून विद्यार्थ्यांना पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून बाहेर काढलं होतं. नारिता विमानतळासाठी जमिनी जाणारे शेतकरी रस्त्यावर होते. अशा वर्षी मुलांच्या वेळेत कुणीतरी सांगत होतं की सौदा वरचे करतात आणि अवयव खालच्यांचे जातात. याला ‘दर आठवड्याला एक दैत्य’ म्हणायचं?

विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र ॲनिमेशनचा नाही. तो असा: अपंगत्व हे शापासारखं दाखवलंय, अवयव परत मिळणं म्हणजेच पूर्ण माणूस होणं असं समीकरण मांडलंय, आणि संवादांत अपंगांसाठी आज न बोलले जाणारे शब्द आहेत. हे खरं आहे. या शब्दांमुळेच मालिका पुढे जपानमध्ये सहसा पुनःप्रक्षेपित झाली नाही. तेझुकांच्या पुस्तकांतही प्रकाशक अशा चित्रणाबद्दल वाचकांसाठी निवेदन छापतात. हा आक्षेप झटकून टाकणाऱ्या चाहत्यांशी माझं जमत नाही. पण समीकरण तेवढं सरळ आहे का? हात परत आला की त्यातली तलवार जाते. त्वचा, संवेदना परत आल्या की वेदना सुरू होतात. दर विजयानंतर ह्याक्किमारू लढवय्या म्हणून थोडा दुबळा होतो. मुख्य म्हणजे अवयव परत आले तरी गावं त्याला आत घेत नाहीत. शरीर ‘पुरं’ झाल्याने माणूस स्वीकारला जातो, असं ही कथा कुठेही म्हणत नाही, उलट तो विश्वास एकेका गावात मोडत जाते. शब्दांचा दोष त्या काळाचा आहे आणि तो दोषच आहे. उपशीर्षकं करणाऱ्यांनी तो गुळगुळीत करू नये. गावकऱ्याच्या तोंडचा शब्द क्रूर असेल तर तो तसाच ठेवावा, नाहीतर दगड मारणारा हात मऊ होतो.

आता ढासळलेल्या अर्ध्या भागाबद्दल, आणि इथे मी ‘मूळ ते मूळ’वाल्यांच्या विरोधात उभा आहे. चौदाव्या भागापासून नावच बदललं, ‘दोरोरो आणि ह्याक्किमारू’ झालं. सूर हलका केला गेला. मांगात नसलेलं नोता हे कुत्र्याचं पिल्लू आधीपासून होतंच, आता त्याच्यासारख्या गमतींना जास्त जागा मिळाली. भाग सुटे झाले: गाव, योकाई (लोककथांतली भुतंखेतं), मारामारी, पुढचं गाव. पहिल्या अर्ध्यात दैत्यामागे हुकूम होता, भिंत होती, भूक होती. दुसऱ्या अर्ध्यात बऱ्याचदा दैत्यामागे काहीच नसतं, तो फक्त दैत्य असतो. सामग्री तीच, चित्रं तितकीच, कॅमेरा तोच, तरी परिणाम निम्म्यावर येतो, आणि म्हणूनच दोष ॲनिमेशनच्या गरिबीचा नव्हता हे सिद्ध होतं. कारण उघड आहे. प्रायोजक कालपिस, म्हणजे मुलांचं गोड दुधाळ पेय. रविवारची संध्याकाळ. कुटुंब एकत्र बसलेलं. तिथे भुकेली आई, प्रेतं आणि बापाने विकलेलं मूल दाखवून पेय खपत नाही. शिवाय जानेवारी १९६८ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘गेगेगे नो कितारो’मुळे गमतीदार योकाईंची चटक लागलेली होती, आणि तीच वाट सोपी होती. अर्थात याचा एक दूरचा परिणाम असाही आहे: ‘दोरोरो’ने उघडलेल्या त्याच प्रायोजित वेळेत ऑक्टोबर १९६९ मध्ये ‘मूमिन’ आली, १९७४ मध्ये ‘हायदी’ आली. त्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये ५२ भागांची ‘जंगल बुक’ केली. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या मराठी मुलांनी जो मोगली पाहिला, त्याच्या वंशावळीच्या टोकाला हा ह्याक्किमारू उभा आहे. दोघेही टाकून दिलेली, वस्तीबाहेर वाढलेली पोरं.

२०१९ च्या मालिकेला कमी लेखायचं कारण नाही. काझुहिरो फुरुहाशींच्या त्या २४ भागांनी ४८ दैत्यांचे १२ केले, त्यामुळे सुटे भाग गळले आणि मांगाला कधी न मिळालेली बांधणी मिळाली. ह्याक्किमारू तिथे सुरुवातीला ऐकत-बोलत नाही, हा बदल धाडसी आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिने एक नवा प्रश्न आणला: मुलाच्या बळीवर राज्यात खरोखरच पाऊस पडत असेल, पिकं येत असतील, तर त्याने अवयव परत मागावेत का? हा प्रश्न १९६९ मध्ये नव्हता. पण तो आला आणि बापाला बाजू मिळाली. जुन्या मालिकेत दाइगोला कुठलीही बाजू नाही. त्याला सत्ता हवी होती, म्हणून त्याने मूल विकलं. युद्ध अंगावर झेललेल्या पिढीने सत्ताधाऱ्याला समजून घ्यायला दिलेला हा नकार आहे, आणि तो मला जास्त खरा वाटतो. नवी मालिका बघून जुनी सोडणाऱ्याच्या हातून हा नकारच निसटतो.

बघायची असेल तर नीट बघावी, कारण निम्म्या तक्रारी पडद्याच्या असतात. चित्र ४:३ या मूळ रुंदी-उंचीच्या प्रमाणातच ठेवा. रुंद पडद्यावर ताणलं की चेहरे बसकट होतात, वरून-खालून कापलं तर ओठांखालची हनुवटी आणि तलवारीचं टोक जातं. आजच्या टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती दोन चित्रांच्या मध्ये स्वतः चित्रं घालते, आणि तीन चौकटींवर धरलेल्या कामात त्यामुळे रेषांभोवती पुसट सावल्या आणि रबरी हालचाल तयार होते. पडद्याची तीक्ष्णता आणि डाग काढण्याची सोयही शून्यावर आणा, नाहीतर फिल्मचा कण आणि शाईचा फराटा दोन्ही पुसले जातात. खोली अंधारी हवी, नाहीतर काळ्यातले तीन-चार थर एकच होतात. एका बैठकीत दोन भाग पुरेत. सलग पाहिले तर पुन्हा वापरलेली धावण्याची चित्रं खटकू लागतात. मुळात ती आठवड्याच्या अंतराने दिसावीत म्हणूनच चालून जात होती. पहिले तेरा भाग क्रमाने पाहा, त्यातला एकही गाळू नका. पुढचे चाळले तरी चालतील. शेवटचा, सव्विसावा भाग मात्र पाहायलाच हवा, कारण घाईत संपवलेल्या मांगाने टाळलेली गाठ तिथे बांधली आहे: मुलगा बापासमोर उभा राहतो, आणि दैत्य कोण हे विचारायची वेळ येते.

सुगीईंविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. मुशी प्रॉडक्शन नोव्हेंबर १९७३ मध्ये बुडालं. १९७४ मध्ये एक चित्रपट करून सुगीईंनी धंदा सोडला आणि पुढची काही वर्षं ते चित्रं काढत जपानभर भटकत राहिले, गावोगाव, वाटेवर. परत आले ते १९८० च्या दशकात, आणि १९८५ मध्ये त्यांनी मांजरांच्या चेहऱ्यांची, रात्रीच्या आगगाडीची ‘नाइट ऑन द गॅलेक्टिक रेलरोड’ ही संथ फिल्म केली. तिच्यातही चित्रं फार हलत नाहीत.